पोटजातीचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या माडीवर एक खेळ सुरू झाला. खाली भावाचे यंत्रमाग, वर सतरंजीवर आम्ही पाच जण: मी, दोन पुतणे, बहिणीची मुलगी आणि शेजारचा एक मुलगा. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. नियम सगळे इंग्रजीत आणि धाकटा पुतण्या मराठी शाळेत. म्हणून पात्राची माहिती भरायचा कागद मी मराठीत करून दिला. नाव, वय, ताकद, चपळाई, बुद्धी असे रकाने आखले. ‘क्लास’ला ‘पेशा’ लिहिले. ‘रेस’ला ‘जात’ लिहिले आणि ‘सबरेस’ला ओघानेच ‘पोटजात’. शब्द शोधायला अर्धा मिनिटही लागला नाही. तो जिभेवरच होता.

भाचीने बाकीचे रकाने भरले आणि त्या एका रकान्यापाशी पेन थांबवले.

“मामू, इथं काय लिहू?”

“एल्फ लोकांच्या बऱ्याच पोटजाती असतात. त्यातली तुझी कुठली, ते लिही.”

“खेळात पण?” ती म्हणाली.

तिला काय म्हणायचे होते ते मला कळले. महिन्याभरापूर्वीच तिच्या थोरल्या बहिणीचे स्थळ मोडले होते. मुलगा शिकलेला, कमावता, घर ओळखीचे. नकार त्यांच्याकडून आला नव्हता, आमच्या घरातून गेला होता. आम्ही पिंजारी, ते दुसऱ्या जमातीचे. “माणसं चांगली आहेत, पण आपल्यातली नाहीत,” एवढ्या एका वाक्यावर थोरल्यांनी विषय संपवला. त्या बैठकीत मीही होतो. मी एक शब्द बोललो नाही.

मग मी माडीवर येऊन मुलांच्या हातात पोटजातीचा रकाना दिला.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. मी सांगतो की समोर बंद दरवाजा आहे आणि फटीतून धूर येतो आहे. आता काय करायचे ते मुले सांगतात. ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि फाशावर पडलेल्या आकड्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा असतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ १९७४ साली बाजारात आणला. आमच्या मुलांना तो ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे कळला. गोष्ट सांगणाऱ्याला इंग्रजीत ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मी स्वतःला दास्तानगो म्हणवून घेतो. काम तेच आहे.

पात्र माणूस असू शकते, बुटका खाणकामगार असू शकतो किंवा एल्फ. टोल्किनच्या कादंबऱ्यांमुळे जगभर पोचलेले हे लांब कानांचे, देखणे लोक. खेळाच्या नियमांप्रमाणे ते सातशे वर्षांहून जास्त जगतात, झोपत नाहीत, चार तास ध्यानात बसले की त्यांची रात्र होते. त्यांना अंधारात दिसते. इथपर्यंत ठीक आहे. हे शरीर झाले. पण नियम इथे थांबत नाहीत. २०१४च्या आवृत्तीत एल्फ झालात की चपळाईत दोन गुण आपोआप वाढतात. त्यातही ‘उच्च एल्फ’ ही पोटजात घेतली तर बुद्धीत आणखी एक. म्हणजे पात्र एक पान वाचायच्या आधीच शेजाऱ्यापेक्षा हुशार. का, तर जन्म तिथे झाला म्हणून. आणि त्या पोटजातीचे नावसुद्धा ‘उच्च’. हे मी मराठीत लिहिले आणि माझ्या हातून जे उतरले ते मला ओळखीचे वाटले.

जुन्या नियमांत तर हे आणखी उघड होते. १९७४च्या मूळ पुस्तकांत एल्फ योद्धा म्हणून चौथ्या पायरीच्या वर चढू शकत नव्हता. माणसाला अशी मर्यादा नव्हती. कितीही पराक्रम करा, तुमच्या लोकांसाठी जिना तिथेच संपतो. १९८१च्या प्राथमिक संचात तर एल्फ हाच पेशा होता. माणूस योद्धा, चोर, पुरोहित किंवा जादूगार यातले काहीही होऊ शकतो, एल्फ मात्र एल्फच होणार. जन्म हाच धंदा. गायगॅक्सने चातुर्वर्ण्य वाचून हे लिहिले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कल्पित लोकांची प्रतवारी करायला बसले की माणसाचा हात कुठे वळतो, ते दाखवायचे आहे. पायऱ्यांची ती मर्यादा २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत निघाली.

भाचीने निवडलेली पोटजात फारशी कुणाला ठाऊक नसलेली आहे. तिला उडायचे होते. शोधता शोधता तिला अवारिएल सापडले: पंख असलेले एल्फ. जुन्या पुस्तकांत त्यांचे वर्णन असे, की संख्येने फार थोडे, उंच डोंगरांत इतरांपासून दूर राहणारे, बंद जागेत जीव घुसमटणारे. २०१७ साली प्रकाशकांनी चार पोटजाती चाचणीसाठी खेळाडूंपुढे ठेवल्या, त्यांत अवारिएल होते. पुढच्या वर्षी पुस्तक आले तेव्हा समुद्रातले एल्फ आत गेले, अवारिएल बाहेर राहिले. ज्यांना त्यांची आठवण आहे त्यांना ती बहुधा ‘बाल्डर्स गेट २’ या २०००च्या संगणकीय खेळामुळे आहे. त्यात एरी नावाची अवारिएल मुलगी आहे. गुलामांचे व्यापारी तिला पकडून सर्कशीला विकतात, पिंजऱ्यात तिचे पंख निकामी होतात आणि शेवटी कापावे लागतात. खेळात ती भेटते तेव्हा तिला पंख नसतात. भाचीने ही गोष्ट वाचली आणि म्हणाली, “माझी परी अशी नको. हिचे पंख राहू देत.”

परी. मी अवारिएल म्हणत होतो, ती पहिल्यापासून परीच म्हणत होती. तिथे मला वाट सापडली.

अवारिएल आपल्या टेबलावर आणायचे तर तीन अडचणी होत्या. पहिली नावाची. प्रकाशक कंपनीने २७ जानेवारी २०२३ रोजी नियमांचा एक पायाभूत मसुदा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय देऊन कोणीही तो वापरावा, भाषांतर करावे, त्यावर आपले पुस्तक काढून विकावे. मराठीत काही करू पाहणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. पण त्या मसुद्यात एल्फची एकच पोटजात दिली आहे, तीच ती ‘उच्च’. अवारिएल त्यात नाहीत. म्हणून त्यांचे नाव आणि कथा उसनी घेण्यापेक्षा आपली परी उभी करणे कायद्यानेही सोपे आणि गोष्टीलाही बरे.

आणि परी आपल्याकडे कधीची आहे. दास्तान-ए-अमीर हमजात हमजा कोहकाफ पर्वतापलीकडे पऱ्यांच्या मुलखात जातो. अठरा दिवसांत परत येतो म्हणून गेलेला माणूस तिथे अठरा वर्षे अडकतो, तिथल्या शहजादीशी, आसमान परीशी, त्याचे लग्न होते. अकबराने ही दास्तान सुमारे चौदाशे चित्रांत काढून घेतली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिचे शेहेचाळीस खंड छापले. मराठी वाचकांना ‘गुलबकावली’ आणि ‘हातिमताई’ ही नावे नवी नाहीत. आमच्या आजीला लिहिता येत नव्हते, पण कोहकाफ कुठे आहे हे तिला पक्के माहीत होते: आंबोली घाटाच्या पलीकडे कुठेतरी.

दुसरी अडचण पंखांची. पहिल्याच दिवसापासून उडणारे पात्र दिले तर खंदक, भिंत, दरी यांना काही अर्थ उरत नाही आणि बाकीचे तिघे खाली उभे राहून बघत बसतात. मी ठरवले की सुरुवातीला परीला फक्त तरंगत खाली येता येईल. कितीही उंचावरून पडली तरी इजा नाही. पाचव्या पायरीपासून ती उडेल, कारण साधारण त्याच पायरीवर जादूगारालाही उडायचा मंत्र मिळतो. जड चिलखत घातले की उडणे बंद. आठ फुटांपेक्षा कमी उंचीच्या छताखाली पंख उघडता येत नाहीत. एवढे केले की खेळाचा तोल राहतो. घरी करून पाहणाऱ्यांनी हे नियम खुशाल घ्यावेत.

तिसरी अडचण त्या रकान्याची, आणि खरी अडचण तीच.

आमच्यात जात नाही, असे आपण मुस्लिम मराठीत मोठ्या आवाजात सांगतो. मशिदीत ते खरेही आहे. सफेत खांद्याला खांदा लागतो तेव्हा शेजारी कोण उभा आहे, ते कोणी विचारत नाही. पण पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, शिकलगार, मोमीन, मुजावर, खाटीक ही नावे काय आहेत? प्रत्येक नावात एक धंदा आहे. धंदा सुटला तरी नाव सुटले नाही. माझ्या आजोबांनी पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव कापूस पिंजला, गाद्या भरल्या. वडील मागावर गेले. मी कॉलेजात हिशेब शिकवतो. तिघेही पिंजारी. मंडल आयोगाच्या १९८०च्या अहवालाने मुस्लिमांमधल्या अशा जमातींना मागासवर्गीयांत धरले, आणि पुढे ज्या सवलती मिळाल्या त्यांतून आमच्या अनेक घरांत पहिली पदवी आली. तिथे जमातीचे नाव लिहिले पाहिजे, मी स्वतः लिहिले आहे. अन्यायाची नोंद करायला त्याचे नाव घ्यावेच लागते. पण तेच नाव लग्नाच्या बायोडाट्यावर गाळणी होऊन बसते, तेव्हा ते कोणता अन्याय दूर करत असते?

म्हणून ‘सबरेस’ला मी ‘पोटजात’ म्हटले ही भाषांतराची चूक नव्हती. भाषांतर अगदी बरोबर होते. मूळ रकान्यात जे होते ते मराठीत आल्यावर उघडे पडले.

इंग्रजीत खेळणाऱ्यांनाही हे उशिरा का होईना जाणवले. या खेळात ‘ड्राउ’ नावाचे एल्फ आहेत, १९७८च्या साहसकथांपासून. काळ्या कातडीचे, जमिनीखाली हाकललेले आणि नियमपुस्तकाच्या म्हणण्याप्रमाणे स्वभावाने दुष्ट. १९८८ साली आर. ए. साल्वातोर यांच्या कादंबरीत ड्रिझ्ट नावाचा भला ड्राउ आला आणि फार लोकप्रिय झाला. मला ड्रिझ्ट आवडतो, पण त्याच्या भलेपणाने इतर ड्राउंचे काहीच भले झाले नाही. तो अपवाद ठरला आणि नियम आणखी पक्का झाला. “तुम्ही मुस्लिम वाटत नाही हो,” हे कौतुकाने म्हटलेले वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ड्रिझ्टचे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जून २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की ड्राउ आणि ऑर्क यांना यापुढे जन्मजात दुष्ट म्हणून रंगवणार नाही. त्याच वर्षीच्या पुस्तकात गुणांचे आकडे हवे तिथे वळवायची मुभा दिली. तरी दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, माकडासारखे दिसणारे ‘हॅडोझी’ आणि त्यांच्या गुलामगिरीची कथा छापली गेली. टीका झाल्यावर माफी मागून मजकूर काढावा लागला. जाहीरनाम्याने हाताची सवय लगेच जात नाही. २०२४च्या आवृत्तीत ‘रेस’ हा शब्दच काढून त्याजागी ‘प्रजाती’ अशा अर्थाचा शब्द घातला, आणि गुणांचे आकडे जन्मावरून काढून ‘पार्श्वभूमी’वर नेले. पार्श्वभूमी म्हणजे साहसाला निघण्यापूर्वी पात्र काय करत होते: शेतकरी, कारागीर, व्यापारी, शिपाई, खलाशी, उमराव अशा एकूण सोळा.

अमेरिकेत हा उपाय चांगला आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलला तर फसेल. रक्तावरचे गुण त्यांनी धंद्यावर ठेवले. पण आपल्याकडे धंदा हेच रक्त होते. ‘कारागीर’ या रकान्यात टिकमार्क केली की त्यांच्याकडे कळते की हा माणूस काम शिकला. आपल्याकडे लोक विचारतात, कुठला कारागीर? आणि उत्तरात आडनाव ऐकायला थांबतात. म्हणून मराठी टेबलावर आणखी एक नियम हवा: पार्श्वभूमी म्हणजे तुम्ही काय शिकलात, बापाने काय केले ते नाही.

हे इचलकरंजीत बसून सुचायला फार डोके लागत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. नारायणराव घोरपड्यांच्या जहागिरीने अशा धडपडीला आधार दिला. त्याआधी विणणे हे विणकर जातींचे काम होते. यंत्रमाग वाढले तसे विणकरांबाहेरचेही त्यावर आले: शेती सोडून आलेले, कर्नाटकातून आलेले, पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले. आमच्या वडिलांना माग शिकवणारे उस्ताद मुस्लिम नव्हते आणि जातीचे विणकरही नव्हते. तुटलेला धागा चालत्या मागावर कसा सांधायचा, धोट्याच्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा, हे त्यांनी वडिलांना हात धरून शिकवले. ज्या गावात धंदा जातीबाहेर पडला आणि त्यावर गाव उभे राहिले, त्या गावात आपण अजून बायोडाट्यावर जमात तपासतो. मला याचे नवल वाटायला हवे होते. त्या बैठकीत वाटले नाही.

तर मी तो रकाना खोडला आणि त्याजागी दोन प्रश्न लिहिले. पहिला: तुझा उस्ताद कोण? कोणी, काय शिकवले? चपळाई, बुद्धी, ताकद यांचे जादा गुण या उत्तरावरून मिळतील. दुसरा: तुझ्या लोकांबद्दल गावात काय खोटे बोलले जाते? या दुसऱ्या उत्तराला एक गुणही नाही. पण दास्तानगोने ते गोष्टीत वापरायचे: सराईचा मालक ते बोलेल, पहारेकरी त्यावरून अडवेल. मात्र ते अफवाच राहील. नियमाने ते कधी खरे ठरणार नाही. परीचे पंख जन्माचे, तिची अक्कल उस्तादाची, तिची बदनामी लोकांची. तिन्ही गोष्टी वेगळ्या रकान्यांत.

यावर मला तीन आक्षेप ऐकावे लागले.

थोरला पुतण्या म्हणाला, “काका, खेळ आहे हो. यात कशाला राजकारण?” त्याला मी म्हटले, रकाना मी खोडला म्हणून तुला राजकारण दिसले. छापील होता तेव्हा दिसले नाही.

शेजारच्या मुलाचा मुद्दा जास्त वजनाचा होता. सगळ्यांना सारखेच केले तर एल्फ आणि माणूस यांत फरक काय? आणि जगात भेदभाव आहेच, तो गोष्टीतून पुसला तर गोष्ट खोटी होईल. हे मला पटते. म्हणूनच मी अफवेचा प्रश्न ठेवला. भेदभाव गोष्टीत असू दे, पात्रांनी त्याच्याशी झगडू दे. फक्त तो फाशाच्या हिशेबात नको. सराईवाला परीला चोर म्हणाला, तर ते सराईवाल्याचे म्हणणे. नियमपुस्तक तिला चोर म्हणाले, तर तो कायदा. गोष्टीतल्या माणसाशी भांडता येते. बेरजेशी भांडता येत नाही. आणि फरक म्हणाल तर पंख आहेत, सातशे वर्षांचे आयुष्य आहे, मित्र म्हातारे होऊन मरताना पाहणे आहे. एवढ्यावर किती गोष्टी उभ्या राहतील. १९९२ साली जेफ ग्रब यांनी याच खेळासाठी ‘अल-कादिम’ नावाची अरबी वळणाची दुनिया लिहिली. तिथे माणूस, एल्फ, ऑर्क एकाच शहरात, एकाच कायद्याखाली राहतात आणि कोणीही जन्माने दुष्ट नाही. त्या दुनियेत वाळवंट आणि सुलतान यांचा ठोकळेबाजपणा भरपूर आहे. पण ही एक गोष्ट तिने अठ्ठावीस वर्षे आधी केली होती आणि तिची दुनिया बेचव झाली नव्हती.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: पऱ्या, जिन्न, जादू हे खेळायचे विषय आहेत का? त्यांच्याशी मी वाद घातला नाही. एवढेच विचारले की कुराणातल्या सूरह जिन्नमध्ये जिन्न स्वतःबद्दल काय सांगतात? आमच्यात नेक आहेत आणि तसे नसलेलेही आहेत, अशा आशयाचे ते बोलतात. म्हणजे धुराविना आगीपासून घडलेल्या जिन्नालासुद्धा आपला धर्म जन्माने दुष्ट म्हणत नाही. त्याचा हिशेब त्याच्या करणीवर. माणसांचे कौम आणि कबीले एकमेकांची ओळख पटावी म्हणून केले, असेही तेच पुस्तक सांगते. ओळख पटावी म्हणून. प्रत लागावी म्हणून नव्हे. यावर ते गप्प झाले. पटले म्हणून की विषय कुठे चालला आहे ते कळले म्हणून, हे मला सांगता येणार नाही.

आपले तेवढे स्वच्छ असा दावा मात्र मी करणार नाही. आपल्या दास्तानीतही दुसऱ्या बाजूचे जादूगार शेकड्यांनी मारले जातात आणि त्यांच्यासाठी कोणी रडत नाही. पण त्याच दास्तानीत अमर अय्यार आहे. उंटवाल्याच्या घरात जन्मलेला, ना देखणा ना खानदानी. त्याच्याकडे आहे ती अय्यारी, शिकून कमावलेली, आणि एक झंबील: कितीही भरा, कधी न भरणारी झोळी. (डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही अशी झोळी आहे. मुलांनी लगेच ओळखली.) हमजाचे निम्मे संकट अमर निवारतो. दास्तानगोंनी त्याला एका पायरीवर थांबवले नाही.

एक गंमत सांगतो. खेळताना मी म्हणालो, “गुहेत एक देव बसलाय.” शेजारच्या मुलाने हात जोडले, माझ्या पुतण्याने तलवार काढली. दास्तानीतला ‘देव’ म्हणजे राक्षस. फारसीतून आलेला शब्द. मराठीतला देव म्हणजे देव. मूळ शब्द एकच. इराणकडे गेला तो सैतान झाला, इकडे आला तो पूजेला बसला. परीचेही तसेच. प्राचीन इराणी धर्मग्रंथांत तिची पूर्वज ‘पैरिका’ ही दुष्ट शक्ती होती, आणि पुढच्या फारसी काव्यात परी हे सौंदर्याचे नाव झाले. म्हणजे कोणती जमात जन्माने चांगली आणि कोणती वाईट, हे शेवटी डोंगराच्या कोणत्या बाजूला उभे राहून सांगितले जाते त्यावर ठरते. हा सगळा फरक मुलांना समजावून सांगितला, तेव्हा तलवार म्यानात गेली, जोडलेले हात सुटले आणि दोघांनी मिळून त्या गुहेतल्याला विचारले, “तू कोण?”

भाचीने कागद पूर्ण केला. उस्ताद कोण, यापुढे तिने लिहिले: त्याच गुहेतला म्हातारा देव. त्याने गाठ मारायला आणि गाठ सोडायला शिकवले. चपळाईत दोन गुण. गावात काय खोटे बोलले जाते, यापुढे लिहिले: पऱ्या परक्या घरात टिकत नाहीत.

मी ते वाचले आणि कागद परत दिला.

मराठीत असे खेळ करू पाहणारी मुले आता पुण्यामुंबईतच नाहीत, आमच्यासारख्या गावांतही आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की एल्फ आणा, अवारिएल आणा, पऱ्या आणा, पण ‘जात’ आणि ‘पोटजात’ हे शब्द कागदावर आणू नका. ‘वंश’ किंवा ‘प्रजाती’ लिहून तेच आकडे खाली ठेवू नका. शब्द बदलून हिशेब तोच राहिला तर खोटेपणा वाढतो. जन्माला शरीर द्या, उस्तादाला गुण द्या, लोकांना अफवा द्या.

आणि आपल्या जमातीच्या वाचकांना: घरात लग्नाचा बायोडाटा असेल, तर त्यावरचा तो रकाना एकदा बघा. आमच्या घरचा मी बघितला. स्थळ अजून दुसरीकडे ठरलेले नाही, असे ऐकतो. येत्या रविवारी थोरल्यांपुढे पुन्हा बसायचे ठरवले आहे. या वेळी मी बोलणार आहे. फासा टाकून बघायची सोय तिथे नाही.